गुरुवारची डिस्क

१

डबी होती, आत डिस्क नव्हती.

कालच्याने डबी पालथी केली, झटकली, कपाटाचा खण हाताने चाचपला, मग वाकून टेबलाखाली पाहिलं. डिस्क काही उंदीर नव्हे पळून जायला, हे त्यालाही कळत होतं. तरी त्याने तिसऱ्यांदा डबी उघडून पाहिली. डिस्कवर असे तसंच झाकणावरही त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, गुरुवार.

हॉस्पिटलात त्याला सगळे कालचा म्हणत आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. मुख्य इमारतीतल्या डेटाबेसची एक नक्कल मागच्या जुन्या इमारतीत, एका ओलसर खोलीत ठेवलेली होती. ती सांभाळणं हे त्याचं काम. उद्या मुख्य डेटाबेस बसला, तर रुग्णांचे केसपेपर या नकलेतून परत मिळायचे. दोन्हींच्या मध्ये तार मुद्दाम जोडलेली नव्हती. मागे एकदा मुख्य बाजूची व्हायरसची घाण तारेवरून नकलेत शिरली होती आणि तेव्हापासून अधीक्षकांनी कानाला खडा लावला होता. म्हणून रोज संध्याकाळी पाचला कालचा त्या दिवसात बदललेली तेवढीच पानं एका छोट्या डिस्कवर उतरवून घ्यायचा, ती खिशात घालून मागे यायचा आणि कपाटात ठेवायचा. बुधवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी साठलेल्या डिस्का ओळीने नकलेवर चढवल्या की नक्कल आजच्या दिवसाला येऊन मिळे. एरवी ती मागेच असे. "काय कालच्या, आज तुझ्याकडे कुठला वार?" असं कँटीनमध्ये विचारून लोक हसत, आणि तोही हसे.

आज शनिवार होता. दुपारी डिस्का चढवायच्या होत्या आणि गुरुवारच गायब होता.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक त्याच्या साहेबांकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे, आणि एक त्याच्याकडे. त्याची किल्ली घरी दाराजवळच्या खिळ्याला असे. काल ती घरीच राहिली, ताईने दुपारी डब्याबरोबर आणून दिली, तेव्हा त्याने आपल्या विसरभोळेपणाला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या होत्या. संध्याकाळी शुक्रवारची डिस्क ठेवताना गुरुवारची डबी जागेवर दिसली होती. डबी उघडून बघायचं कारणच काय होतं?

एरवी हे झालं असतं, तर त्याने कपाळाला हात लावला असता आणि कामाला लागला असता. पण मंगळवारी तिसऱ्या वॉर्डात एक बाई गेली होती. साधा ताप म्हणून भरती झालेली, पन्नाशीची. तिला न चालणाऱ्या अँटिबायोटिकचं इंजेक्शन तिला दिलं गेलं आणि वीस मिनिटांत सगळं आटोपलं. इंजेक्शन देणारी सिस्टर चोवीस वर्षांची होती. सोमवारी सकाळी चौकशीचा कागद पोलिसांकडे जाणार होता आणि त्यावर तिचं नाव असणार, हे सफाईवाल्यांपासून सगळ्यांना ठाऊक होतं.

२

चौकशीला बाहेरून एक बाई आल्या होत्या. साठीच्या, एका गुडघ्याने अधू. आयुष्यभर अपघातांच्या चौकशा करून करून चेहऱ्यावरचं आश्चर्य त्यांनी बहुधा काढूनच टाकलं होतं. काल, शुक्रवारी, दिवसभर कालचा त्यांच्या शेजारी बसून होता, कारण त्यांना हवं ते पान उघडून द्यायला कुणीतरी लागत होतं. त्यामुळे सगळ्यांचं बोलणं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

पहिल्यांदा उघडलं ते मेलेल्या बाईचं पान. वर लाल पट्टी ठसठशीत होती: हे औषध देऊ नये. नोंद रविवारची, सकाळी दहा चाळीसची, भरतीच्या काउंटरवरून केलेली.

"ही पट्टी मंगळवारी नव्हती," सिस्टर म्हणाली. तिचे हात मांडीवर होते आणि तिने बोटं एकमेकांत अडकवली होती. "मी पान उघडलं होतं. दोनदा. मी नेहमी दोनदा बघते. पट्टी असती तर मी कशाला दिलं असतं हो?"

"वॉर्डात काय काय चाललं होतं त्या वेळी?" बाईंनी विचारलं.

"गडबड होती. पण पट्टी नव्हती."

गडबड होती, एवढंच बाईंनी लिहून घेतलं. सिस्टरने ते लिहिताना पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

डॉक्टर आले ते घड्याळ बघतच आले. इंजेक्शन त्यांनी फोनवरून सांगितलं होतं. "पट्टी बघून द्या, असं मी म्हटलं होतं," ते म्हणाले. मग कालच्याकडे वळून त्यांनी जरा ओशाळं हसून घेतलं. गुरुवारी संध्याकाळी ते मागच्या खोलीत तासभर येऊन बसले होते. केसपेपर हरवला तर काय, ही नक्कल किती ताजी, डिस्क चढते कशी, सगळं खोदून खोदून विचारत होते. शेवटी त्यांनीच खडू घेऊन फळ्यावर साखळी काढली होती आणि एकेका कडीवर वार लिहिले होते. आपल्या कामात कुणी इतका रस घेतलेला कालच्याने पहिल्यांदाच पाहिला होता.

विभागप्रमुखांनी यंत्रणेचं कौतुक सांगण्यातच पाव तास घालवला. आपल्या यंत्रणेत पट्टी दिसली नाही असं होऊच शकत नाही, हे त्यांनी चार वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं.

आणि ताई आली. भरतीच्या काउंटरवरच्या चौघींतली ती सगळ्यात जुनी. आईवडील गेले तेव्हा कालचा नऊ वर्षांचा होता आणि ताई एकवीसची. तेव्हापासून तिने लग्नाचा विषय कधी काढू दिला नाही आणि याला शिकवलं. पंचेचाळिशीला आला तरी ती त्याला छोट्याच म्हणे, चारचौघांतसुद्धा.

"रविवारी रांग दारापर्यंत होती," ताई म्हणाली. "एवढी गर्दी असली की आम्ही चिठ्ठीवर लिहून घेतो, वेळ टाकतो आणि चिठ्ठी सळईला टोचतो. रांग ओसरली की मग टाइप करायचं. वेळ चिठ्ठीवरचीच घालायची. वर्षानुवर्षं असंच चालतं."

"पासवर्ड चौघींचा एकच?"

"टेबलाखाली चिकटवलाय," ताई म्हणाली. "कोण काय टाइप करतं, कोण लक्षात ठेवणार?"

"गेलेल्या बाईंची मुलगी म्हणते की हे औषध आईला चालत नाही, असं भरती करतानाच तिने सांगितलं होतं."

"मग नोंद आहे ना? मुख्य काय नि नक्कल काय, दोन्हीकडे तेच निघेल." ताईने पदराने चष्मा पुसला. "आणखी काही विचारायचंय का?"

बाईंनी मान हलवली. कागद मिटताना त्या कालच्याला म्हणाल्या, "दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा बरं वाटतं. मात्र एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलेलं नसावं."

कालच्याला ते तेव्हा नीट कळलं नाही.

३

डिस्क हरवल्याचं ऐकून विभागप्रमुख खवळले, पण त्यांचा राग चुकीचा नव्हता.

"म्हणजे बुधवारपासून आपल्याला नक्कलच नाही! आज मुख्य मशीन बसलं तर तीनशे पेशंटचे कागद कुठून आणायचे? त्या डिस्कच्या मागे लागू नका. बुधवार संध्याकाळपासून आत्तापर्यंत जे जे बदललं ते सगळं एकाच मोठ्या डिस्कवर घ्या आणि चढवून टाका. बारा वाजेपर्यंत मला नक्कल आजच्या दिवसावर दिसली पाहिजे."

उपाय बरोबरच होता. गुरुवारची कडी तुटली म्हणून शुक्रवारची चढत नव्हती, नक्कल ती घेतच नव्हती. पण नक्कल थांबली त्या क्षणापासूनचा सगळा फरक नव्याने काढला, तर मधली कडी लागतच नाही. कालचा मुख्य इमारतीत गेला, मोठी डिस्क भरून घेतली, परत आला, ती जोडली. पडद्यावर प्रश्न आला, चढवायची का?

त्याने बोट बटणावर ठेवलं आणि दारात काठी वाजली.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. मग खोलीतल्या एकुलत्या एक स्टुलावर हाशहुश करत बसल्या. "डिस्क हरवली असं कँटीनमध्ये ऐकलं. इथे बातम्या तुमच्या डिस्कांपेक्षा लवकर पोचतात. मला एक सांगा, तुमची ही नक्कल या घडीला कुठल्या दिवसात आहे?"

"बुधवारात. संध्याकाळचे पाच."

"म्हणजे ती बाई जाऊन एक दिवस झालेला."

"हो."

"आणि हे बटण दाबलंत की बुधवार गेला?"

कालच्याचं बोट आपोआप मागे आलं. रोज हेच बटण तो दाबत आला होता. नक्कल पुढे गेली की जुनं पान नव्याखाली कायमचं गाडलं जातं, हे त्याला पाठ होतं. पण त्या पानावर एखाद्या पोरीचं आयुष्य असू शकतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"नुसतं वाचता येतं का? धक्का न लावता?"

"येतं."

त्याने नक्कल वाचण्यापुरती उघडली आणि मेलेल्या बाईचं पान काढलं. नाव, वय, ताप, मंगळवारचं इंजेक्शन, सिस्टरची सही, मृत्यूची वेळ. सगळं जिथल्या तिथे होतं.

वरची जागा मात्र पांढरी होती. लाल पट्टी नव्हती.

४

भिंतीच्या ओलीचा वास येत होता.

"सिस्टर खरं बोलत होती," कालचा म्हणाला.

"आणि मी गडबड होती म्हणून लिहून घेतलं," बाई म्हणाल्या. त्यांना ते लागलेलं दिसलं. "असू द्या. आता नीट विचार करू. पट्टी बुधवारनंतर आली, वेळ घातली रविवारची. काउंटरच्या पासवर्डने. कुणीतरी मागाहून ही जागा भरली. पुढे डिस्क गेली, तीही नेमकी गुरुवारची. म्हणजे नोंद गुरुवारी झाली आणि गुरुवारी कुठली पानं बदलली हे कुणाला दिसू नये, असं त्या माणसाला वाटलं. इथवर पटतंय?"

"पटतंय."

"मला नाही पटत. तुम्ही चोर असता तर डिस्क नेली असती का?"

कालच्याने मघाच्या त्या बटणाकडे पाहिलं. "नसती नेली. मी काहीच केलं नसतं. आज दुपारी मीच ती चढवली असती आणि नकलेतही पट्टी आली असती. चढवून झाली की ती डिस्कही मी पुसून परत वापरतो."

"तेच म्हणते मी. तुमचे साहेब चोर असते, तर हातावर हात ठेवून बसले असते. डॉक्टर असते तरी तेच. फळ्यावर साखळी अजून आहे बघा, पुसलेली नाही. त्यांना कडी तुटली की काय होतं ते पुरतं कळलंय. ज्याला हे पुरतं कळतं, त्याला डिस्क चोरायची गरजच नाही. डिस्क नेल्यामुळेच नक्कल बुधवारात अडकून पडली. ज्याने पुरावा लपवायला ती नेली, त्यानेच पुरावा राखून ठेवला." बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे चोराला अर्धंच माहीत होतं. डिस्कवर त्या दिवसाचे बदल असतात, इतकंच. पुढची डिस्क मागचीवर टेकून असते, हे कुणी त्याला सांगितलं नाही. तुमच्या कामाचं कुणालाही काही पडलेलं नसतं, असं तुम्हीच काल म्हणालात. मग सांगा, हे अर्धं तुम्ही कुणाला सांगितलंत?"

कालच्याने फळ्यावरच्या साखळीकडे पाहिलं.

गुरुवार संध्याकाळ. डॉक्टर गेल्यावर तो घरी गेला होता, जरा फुशारकीतच. जेवताना ताईने कधी नव्हे ते विचारलं, "छोट्या, तुझ्या त्या डिस्कमध्ये सगळंच जातं का रे?" आणि तो सांगू लागला होता. सगळं नाही गं, त्या दिवशी जेवढं बदललं तेवढंच. कालची डिस्क उघडली की काल कुठल्या पानाला हात लागला ते कळतं. आता गंमत पुढेच आहे, असं म्हणून त्याने बोट वर केलं आणि फोन वाजला होता. साहेबांचा, प्रिंटर चालत नाही म्हणून. तो उठून गेला. गंमत राहून गेली.

आणि किल्ली. तो किल्ली विसरला नव्हता. वीस वर्षांत तो कधीच किल्ली विसरला नव्हता.

बाईंनी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि ते पाहिलं नाही हेच त्याला जास्त झोंबलं. कुणालाच नाही, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मग बटण दाबायचं. साहेबांचा हुकूमच होता. खिडकीतून मुख्य इमारतीचा व्हरांडा दिसत होता. तिथल्या बाकावर सिस्टर बसली होती, शेजारी तिचे वडील. वडिलांच्या हातात तिची पिशवी होती आणि ते ती उगाच या हातातून त्या हातात घेत होते.

कालच्याला रडू आलं. त्याने ते येऊ दिलं.

"माझ्या बहिणीला सांगितलं," तो म्हणाला. "अर्धंच."

बाईंनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, पण आनंदही झालेला दिसला नाही. "ही नक्कल मी आता सीलबंद करून घेते. साहेबांना सांगते, त्यांनी दुसऱ्या मशीनवर नवी करावी. तुमच्या ताईंची आज सुटी आहे ना? मी चारपर्यंत अधीक्षकांच्या खोलीत आहे. तुम्ही घेऊन आलात तर बरं. माणूस आपल्या पायांनी आला की लिहिताना माझा हातही जरा हलका चालतो."

५

ताई खिडकीशी बसली होती. तिने त्याला अवेळी आलेला पाहिलं. उठून आतल्या खोलीत गेली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. त्या पेटीत त्याचे शाळेचे दाखले, पहिलीपासूनच्या गुणपत्रिका असत. सगळ्यात वर, जुन्या रुमालात गुंडाळलेली, डिस्क होती.

"फोडायला घेतली होती," ती म्हणाली. "वर तुझं अक्षर दिसलं. मग नाही जमलं."

"ताई, असं का केलंस गं?"

"गुरुवारी सळई रिकामी करत होते. दोन चिठ्ठ्या एकीला एक चिकटलेल्या निघाल्या. खालची त्या गेलेल्या बाईची होती. तिच्या मुलीने सांगितलेलं मीच लिहून घेतलेलं. हात सवयीने चालत गेला रे. नोंद टाकली, चिठ्ठीवरची वेळ टाकली, आणि मग नाव पुन्हा वाचलं." ती खुर्चीत बसली. "पुसायला गेले होते. मग वाटलं, राहू दे. निदान कागदावर तरी मी माझं काम केलेलं दिसेल. आठ महिन्यांनी नोकरीतून सुटणार होते, छोट्या. एकतीस वर्षं एकही चूक नाही."

"आणि सिस्टर?"

"तिचं डोक्यातच आलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. माझं नाव येऊ नये एवढंच डोक्यात होतं. काल दुपारी तिला निलंबित केल्याचं ऐकलं तेव्हा उमगलं की माझ्या पट्टीने तिचा गळा कापलाय. तोवर डिस्क काढून घेतली होती. सांगायला दोनदा अधीक्षकांच्या दारापर्यंत गेले. तोंडच उघडेना."

तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा. तिला काय शिक्षा होईल, पेन्शनचं काय, लोक काय म्हणतील, यातलं काही त्याला विचारावंसं वाटलं नाही. तिच्यावर चिडावं की तिला जवळ घ्यावं, हेही त्याला कळत नव्हतं. त्याने तिच्या पायांवर हात ठेवला. पाय गार होते.

"चारपर्यंत बाई बसल्यात," तो शेवटी म्हणाला. "मी सांगितलं त्यांना. मीच सांगितलं, ताई."

ताईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं केलंस."

तिने साडी बदलली, केस नीट केले, चष्मा पुसला. डिस्क स्वतःच्या पिशवीत घातली. दारापाशी आल्यावर ती थबकली.

"त्या दिवशी तुला फोन आला नि तू उठलास. पुढे काहीतरी गंमत आहे म्हणत होतास. ती काय?"

"आता कशाला ते?"

"सांग की. अर्धवट ऐकूनच एवढं झालं."

कालच्याने चपला घातल्या आणि खाली बघतच सांगितलं. "प्रत्येक डिस्क मागच्या डिस्कवर टेकून असते. मधली एक गेली की पुढची बसत नाही. नक्कल आहे तिथेच थांबते, जुनं सगळं पोटात घेऊन. पट्टी नसलेलं पान त्यातच सापडलं."

"आणि मी नेली नसती तर?"

"तर आज दुपारी मीच ती चढवली असती. दोन्हीकडे पट्टी दिसली असती. मग काढायचं म्हटलं तरी कुणाला काही काढता आलं नसतं."

"तू पण ओळखलं नसतंस?"

"नाही."

"आणि ती पोरगी?"

"तिला कुणी वाचवू शकलं नसतं."

ताई उंबऱ्यावर उभी राहिली. बाहेर ऊन होतं, पण ते तिच्या चेहऱ्यापर्यंत येत नव्हतं. तिने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"मग नेली तेच बरं झालं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.